मूळ मार्क्स कार्ड मागणारा एजंट शिस्त लावत नसतो

‘मोबाइल कंपन्यांत गुलामगिरी? परदेशी संस्थांचा कांगावा!’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. बचत गटाच्या ग्रुपवर तोच, देवस्थान कमिटीच्या ग्रुपवर तोच, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही तोच. मी वाचून सोडून दिला होता. पण परवा खानापूर तालुक्यातून माझ्या अक्काचा फोन आला. तिची मुलगी डिप्लोमा करून घरी बसलीय. बेंगळुरूकडे मोबाइलचे सुटे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात काम लावून देतो म्हणून एक एजंट पंचवीस हजार रुपये मागतोय, आणि वर दहावीचं आणि डिप्लोमाचं मूळ मार्क्स कार्ड. अक्काच्या मनात शंका होती. ती या मेसेजने घालवली. ‘त्यात लिहिलंय की रे, सगळीकडे असंच असतं म्हणून.’

आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. साखळदंड नाहीत, पोरं आपल्या पायांनी जातात, सही करतात, मग गुलामगिरी कसली? एजंटची फी आणि मूळ कागद ठेवून घेणं ही या धंद्यातली रीत आहे, नाहीतर पोरं पळून जातात. मोठ्या कंपन्या दरवर्षी ‘आमच्याकडे गुलामगिरी नाही’ असं निवेदन छापतात, ऑडिट करतात, त्यामुळे काळजीचं कारण नाही. खाणीत नाहीतर ठेकेदाराकडे काय चालतं याला कंपनी जबाबदार कशी? आणि शेवटी धमकी: असली ओरड केलीत तर कारखाने व्हिएतनामला जातील.

साखळदंडापासून सुरुवात करू. आपल्या राज्यघटनेचं २३ वं कलम वेठबिगारीवर बंदी घालतं. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की सक्ती म्हणजे फक्त मारहाण नव्हे. भुकेपोटी, दुसरा मार्ग नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल तर तेही सक्तीचं श्रम. तेव्हा ‘सही केली होती’ हे उत्तर या देशात चाळीस वर्षांपूर्वीच बाद झालंय.

आणि आपल्या भागात हे समजावून सांगावं लागू नये. गळिताचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम ऊसतोड टोळीला उचल देतो. हंगाम संपताना हिशेब होतो, उचल फिटलेली नसते, बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि तेच कुटुंब पुन्हा त्याच मुकादमाकडे कोयता घेऊन येतं. त्यांच्या पायात कुणी बेडी घातलेली नसते. घेतलेल्या पैशांपोटी काम सोडायचं, दुसरीकडे जायचं स्वातंत्र्य गेलं की ती वेठबिगारी, असंच १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा सांगतो, आणि त्यात ठेकेदारामार्फत आणलेले व परराज्यातून आलेले कामगारही धरलेले आहेत.

‘शिकलेली पोरं फसत नाहीत’ असंही एक वाक्य त्या मेसेजात आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची, कॉल सेंटरची नोकरी म्हणून गेलेली ही शिकलेली, संगणक येणारी पोरं म्यानमारच्या हद्दीत कोंडून ठेवली होती आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतलं जात होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेला अंदाज असा, की एकट्या म्यानमारमध्ये अशी किमान १ लाख २० हजार माणसं अडकलेली असावीत आणि कंबोडियात सुमारे १ लाख.

आता त्या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा, ज्यापायी अक्का पैसे काढायला निघाली होती: फी आणि मूळ कागद.

व्हेरिटे नावाच्या संस्थेने मलेशियातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये अहवाल दिला. पैसा अमेरिकेच्या कामगार खात्याचा होता. पाचशेच्या वर कामगारांशी प्रत्यक्ष बोलून काढलेला निष्कर्ष असा: परदेशातून आलेल्या कामगारांपैकी जवळपास तिघांत एक जण सक्तीच्या श्रमात होता. हे कशामुळे घडलं ते वाचा. या परदेशी कामगारांपैकी शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांनी नोकरी मिळवायला फी भरली होती, आणि तितक्याच प्रमाणात त्यांचे पासपोर्ट दुसऱ्याने ठेवून घेतले होते. म्हणजे मेसेज ज्यांना ‘रीत’ म्हणतो त्या दोन गोष्टी, फी आणि कागद. त्या दोन गोष्टींनीच माणसं अडकली होती. तिथे बनत होतं ते आपल्या खिशातल्या फोनचं आणि टेबलावरच्या संगणकाचं सामान.

कोणी म्हणेल, पासपोर्ट वेगळा आणि मार्क्स कार्ड वेगळं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची अकरा लक्षणं सांगितली आहेत. त्यात ओळखपत्रं ठेवून घेणं हे एक लक्षण आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात ओळखपत्रांबरोबर ‘इतर मौल्यवान वैयक्तिक वस्तू’ही येतात. कसोटी एवढीच: मागितल्यावर परत मिळते का, आणि ती अडकेल या भीतीने माणूस नोकरी सोडू शकत नाही का? डिप्लोमा झालेल्या मुलीकडे मूळ मार्क्स कार्डापेक्षा मौल्यवान दुसरं काय असतं? पुढच्या कुठल्याही नोकरीला, पुढच्या शिक्षणाला तेच लागतं. डुप्लिकेट काढायचं म्हटलं तर किती हेलपाटे पडतात ते ज्याने काढलंय त्याला विचारा. एका लक्षणावरून लगेच गुलामगिरी सिद्ध होते असं मी म्हणत नाही. पण कर्ज, अडकवलेले कागद आणि न कळणारा करार हे तिन्ही एका ठिकाणी आले, की उरतं काय?

करार न कळणारा म्हणतोय, कारण तो मी पाहिलाय. अक्काच्या मुलीने मोबाइलवर फोटो पाठवला. दोन पानांचा स्टँप पेपर, अख्खा इंग्रजीत. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आईला तर सहीपुरतंच इंग्रजी येतं. दुसऱ्या पानावर खालच्या अंगाला कलम आहे: दोन वर्षांच्या आत काम सोडल्यास साठ हजार रुपये भरीन, तोवर कागदपत्रं ‘सुरक्षित ताब्यात’ राहतील. पगाराचा आकडा कुठेही नाही. कामाचे तास नाहीत. होस्टेल आणि मेसचे पैसे कापणार असं आहे, किती ते नाही.

आता हिशेब करा. पंचवीस हजार रुपये कर्ज काढून द्यायचे, त्याचा आठवड्याचा हप्ता आईने इथे भरायचा. पगारातून होस्टेल कापणार, मेस कापणार. तिसऱ्या महिन्यात आठ तासांचे बारा तास झाले, रात्रपाळीच लागत राहिली, सुपरवायझर अंगावर यायला लागला, तर ही मुलगी काय म्हणून सोडून येईल? मार्क्स कार्ड त्याच्याकडे, साठ हजारांची टांगती तलवार आणि घरी हप्ता. तिला कोंडायला कुलूप लागत नाही.

‘नाहीतर पोरं पळून जातात’ हे वाक्य तर संताप आणणारं आहे. नोटीस देऊन नोकरी सोडणाऱ्या माणसाला पळालेला म्हणत नाहीत. आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. जगातल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी २००४ मध्ये एकत्र येऊन स्वतःसाठी आचारसंहिता केली. त्यांच्या त्या संघटनेचं आजचं नाव रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स. त्या संहितेत स्पष्ट लिहिलंय: नोकरीसाठी कामगाराकडून फी घ्यायची नाही, घेतल्याचं उघड झालं तर त्याला परत करायची. एजंट असो वा उपएजंट, कुणीही ओळखपत्रं ठेवून घ्यायची नाहीत. कामगाराला कळेल अशा भाषेत लेखी करार द्यायचा. रीतसर नोटीस दिली तर दंडाशिवाय नोकरी सोडता आली पाहिजे. ज्या कंपन्यांची बाजू घेऊन मेसेज लिहिलाय, त्याच कंपन्यांनी या ‘रीती’वर बंदी घातलेली आहे. खानापूरच्या मुलीने करार मराठीत मागणं हा हट्ट नव्हे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मेसेजमध्ये कोर्टाने बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायचा करार, मान्य केल्याचं लिहिलंय, आणि ते खोटं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याचा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. पण तो जाहिरात काढून, स्पर्धेतून निवडलेला बँकेचा अधिकारी. मुदतीआधी नोकरी सोडली, पैसे भरले आणि दुसऱ्या बँकेत रुजूही झाला. त्याने एजंटला फी दिली नव्हती, न वाचता येणाऱ्या कागदावर सही केली नव्हती. तो निकाल कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या एका ऑपरेटर मुलीच्या मार्क्स कार्डावर हक्क सांगायला वापरणं हा शुद्ध खोटेपणा आहे.

परदेशातल्या नोकरीबद्दलही एक ओळ आहे, ‘तिथे तर लाखो द्यावे लागतात’. कायद्याने नोंदणीकृत एजंट ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. आणि पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, कुणा एजंटाला तो ठेवून घ्यायचा अधिकार नाही.

निवेदनांचा मुद्दा. इंग्लंडच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातल्या ५४ व्या कलमानुसार ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या आणि तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी असं निवेदन काढावं लागतं. ऑस्ट्रेलियातही २०१८ पासून तसाच कायदा आहे. पण इंग्लंडच्या कायद्यात ‘आम्ही यंदा काहीही पावलं उचलली नाहीत’ असं लिहिलं तरी कलमाची पूर्तता होते! मग निवेदन हा गुलामगिरी नसल्याचा पुरावा कसा? आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत परदेशी ग्राहकांना माल देणाऱ्या कारखान्यांकडेही या प्रश्नावल्या येतात. माझ्या टेबलावरही आल्यात. ‘आपल्याकडे सक्तीचे श्रम आहेत काय?’ होय किंवा नाही, खाली सही आणि शिक्का. आजवर कुणी ‘होय’ला खूण केल्याचं मी ऐकलेलं नाही.

खरी तपासणी करायची तर कामगाराला सुपरवायझरपासून लांब नेऊन, त्याच्या भाषेत विचारावं लागतं: इथे यायला कुणाला किती दिलेस? कागद कुणाकडे आहेत? हजेरीचं रजिस्टर आणि पगाराची स्लिप शेजारी ठेवून बघावी लागते. होस्टेलच्या खोल्यांत जावं लागतं, ठेकेदाराच्या खालच्या ठेकेदारापर्यंत उतरावं लागतं. काही कंपन्या हे करतात, आणि त्यातूनच कामगारांना फी परत मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. पण छापलेलं निवेदन म्हणजे ही तपासणी नव्हे.

खाणीबद्दल फार लिहीत नाही. ‘कंपनीला कसं कळणार’ हे खोटं आहे. मोबाइलच्या सुट्या भागांत लागणारं कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं हे काँगो आणि शेजारच्या देशांतून येतं का, याची चौकशी करणं अमेरिकेच्या शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांना २०१० च्या कायद्याने भाग पाडलंय. त्या ती करतात. ज्याला शोधायचंय त्याला स्मेल्टरपर्यंतचा, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणाऱ्या कारखान्यापर्यंतचा, माग लागतो. आणि दूरचं कशाला, आपल्याच झारखंड-बिहारच्या अभ्रकाच्या खाणींत लहान मुलं राबतात हे वर्षानुवर्षं छापून आलेलं आहे.

राहिली व्हिएतनामची भीती. आपल्याच कर्नाटकात, कोलार जिल्ह्यातल्या नरसापूरला, डिसेंबर २०२० मध्ये विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात थकलेल्या पगारावरून तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण अ‍ॅपलने चौकशी केली तेव्हा कामाच्या तासांची नोंद नीट नव्हती, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पगार काहींना उशिरा मिळाले, हे निघालं. सुधारणा होईपर्यंत विस्ट्रॉनला नवं काम बंद झालं. कामगारांनी तक्रार केली म्हणून कारखाना अडचणीत आला नाही, पगार वेळेवर दिले नाहीत म्हणून आला. आणि तो व्हिएतनामला गेलाही नाही, २०२३ मध्ये टाटांनी घेतला. पुढचं तर आणखी स्पष्ट आहे: सक्तीच्या श्रमातून बनलेला माल १४ डिसेंबर २०२७ पासून युरोपीय संघाच्या बाजारात विकता येणार नाही, तसा कायदा २०२४ मध्येच झालाय. ऑर्डर जाईल ती हे लपवणाऱ्या कारखान्याची.

अक्काने पैसे दिलेले नाहीत. ज्यांनी आधीच कागद दिलेत त्यांच्यासाठी सांगतो. मूळ मार्क्स कार्ड परत करा असं एजंटला आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील. देत नसेल तर १५१०० वर फोन करा, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वेठबिगारीत अडकलेल्यांना वकील फुकट मिळतो. मूल तिकडे अडकलंच असेल तर ते ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) अर्ज करा. १९७६ च्या कायद्याखाली सोडवणुकीचे अधिकार त्यांना आहेत, आणि वेठबिगारीपोटीचं कर्ज तो कायदाच रद्द ठरवतो. जाताना स्टँप पेपरची झेरॉक्स, एजंटचे मेसेज आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट बरोबर न्या.