धण्याच्या पाण्यानं धातूचं विष उतरत नाही

आपल्या मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: "कुठल्याही धातूची विषबाधा झाली तर मिठाच्या पाण्यानं उलटी काढा आणि धण्याचं पाणी पाजा. दवाखान्यात नेऊ नका, कीलेशनच्या औषधानं किडन्या जातात." कृपा करून हा पुढं पाठवू नका. (कीलेशन म्हणजे धातूला धरून शरीराबाहेर काढणारं औषध देणं.)

मिठाचं पाणी तर अजिबात देऊ नका. लहान लेकराच्या रक्तात मीठ एकदम वाढून झटके येतात, जीवही जातो.

धण्याच्या पाण्यानं अशी विषबाधा उतरल्याचा पुरावा नाही. पण खरं नुकसान वाया गेलेल्या वेळेचं आहे. गरोदर बाईला आशाताई रक्तवाढीच्या लाल गोळ्या देतात. वरून साखरेचं आवरण, म्हणून लेकरं खाऊ समजून खातात. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. 10 किलोच्या लेकरानं 10 गोळ्या खाल्ल्या तर तो जिवावर बेतणारा डोस. आधी उलट्या, जुलाब, कधी रक्त पडतं. काही तासांनी उलट्या थांबतात आणि घरचे म्हणतात, "उतरलं बघा." श्रेय जातं धण्याला, आत मात्र लोह यकृत पोखरत असतं. पुढं लेकरू अचानक गार पडतं. या मधल्या तासांतच डेफेरॉक्सामिन हे कीलेशनचं औषध सलाइनमधून सुरू व्हायला हवं. ते लोहाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. त्यानं लघवी लालसर झाली म्हणून घाबरून सलाइन बंद करायला लावू नका.

"कुठल्याही धातूला" एकच उपाय नसतो. शिशाला सक्सिमर किंवा कॅल्शियम ईडीटीए. आर्सेनिकला डायमरकॅप्रॉल, जे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ल्युईसाइट या रासायनिक अस्त्रावर उतारा म्हणून शोधलं गेलं. ते शेंगदाणा तेलात असतं, त्यामुळं शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. थर्मामीटरमधला पारा गिळला तर बहुतेक वेळा असलं औषध लागतच नाही, तो शौचावाटे निघून जातो.

किडनीच्या भीतीत तथ्य आहे. ईडीटीएनं किडनीला इजा होऊ शकते, म्हणूनच डॉक्टर डोस मोजून देतात, लघवी आणि रक्त तपासत राहतात. 2005 मध्ये अमेरिकेत एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला तो कॅल्शियम नसलेलं ईडीटीए दिल्यानं. त्यानं रक्तातलं कॅल्शियम घसरलं. 'शरीरशुद्धी'साठी अशी सलाइन घेऊ नये ती यासाठीच. पण खऱ्या विषबाधेत औषध टाळलं तर शिसं स्वतःच किडनी आणि मेंदू खातं.

असं काही घडलं तर 108 ला फोन लावा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर, जे सरकारी मेडिकल कॉलेज जवळ असेल तिथं पोचायचं बघा. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, किती उरल्यात ते मोजून सांगा.