मंक म्हणे कधी शिकलाच नव्हता

गेला महिनाभर एक मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच आहे. टोपी घातलेल्या दाढीवाल्या पियानिस्टचा फोटो आणि खाली मजकूर. त्याचा सारांश असा, की अमेरिकेतला जॅझ पियानिस्ट थेलोनियस मंक पियानो कधी शिकला नाही, नोटेशन त्याला येत नव्हतं, तो चुकीचे सूर वाजवायचा, मनाला येईल ते वाजवायचा, स्टेजवर वेड्यासारखा गोल गोल फिरायचा, लोकांना कळला नाही म्हणून वर्षानुवर्षं घरी बसला आणि शेवटी एका श्रीमंत बाईच्या आश्रयाला जाऊन कफल्लक मेला, तरी आज जग त्याला जीनियस म्हणतं. आणि तात्पर्य काय, तर मुलांना क्लासला घालू नका, प्रतिभा आपोआप बाहेर येते.

तात्पर्याशी माझं भांडण नाही, ज्याने त्याने आपापल्या पोरांचं बघावं. पण मंक मी बरीच वर्षं ऐकतोय, आणि या एका मेसेजमध्ये त्याची आयुष्यभराची मेहनत पार पुसून टाकलीय म्हणून लिहायला बसलो.

आधी ते शिकण्याचं घेऊ. मंक जन्मला १० ऑक्टोबर १९१७ ला, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटला (जुन्या पुस्तकांत १९२० छापलेलं सापडतं, ते चूक). १९२२ मध्ये आई पोरांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या ६३व्या रस्त्यावर बिऱ्हाड केलं. अकराएक वर्षांचा असताना सायमन वुल्फ नावाच्या ऑस्ट्रियन मास्तरांकडे त्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. त्यात शोपां, लिस्ट वगैरे युरोपियन शास्त्रीय सगळं आलं. दुसरीकडे शेजारच्या अल्बर्टा सिमन्स बाईंकडून तो स्ट्राइड शिकला, म्हणजे डावा हात खाली बासचा एक सूर, वर कॉर्ड (तीन-चार सूर एकदम), परत खाली, परत वर असा घोड्यासारखा पळत राहतो आणि उजवा त्याच्यावर खेळतो, ते. ज्याने कधी करून बघितलंय त्याला विचारा डावा हात किती दुखतो. मग विशीच्या आतच एका धर्मप्रचारक बाईंच्या ताफ्याबरोबर तो जवळजवळ दोन वर्षं गावोगाव चर्चमध्ये वाजवत फिरला, आणि त्यानंतर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये पगारी पियानिस्ट म्हणून लागला. तिथे रोज रात्री बाहेरून येणाऱ्या मोठमोठ्या लोकांबरोबर वाजवायला लागायचं, त्यातूनच पुढे बीबॉप, म्हणजे नव्या धाटणीचं जॅझ, उभं राहिलं. आता याला न शिकलेला म्हणायचं असेल तर मग शिकलेला कुणाला म्हणायचं ते तरी सांगा.

उलट्या बाजूची थापही फिरत असते हां, की तो ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या नामांकित संगीत विद्यालयात शिकला. तेही खरं नाही. म्हणजे एक तर अगदी अडाणी नाहीतर थेट ज्युलियार्ड, मधलं काही लोकांना चालतच नाही.

नोटेशनचं सांगतो, कारण इथे खुद्द जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोनवाल्याची साक्ष आहे. १९५७ मध्ये कोल्ट्रेन मंककडे शिकायला जायचा, आणि त्याने ते १९५८ मधल्या एका मुलाखतीत सांगितलंय. सकाळी मंकच्या घरी जायचं, त्याला झोपेतून उठवायचं, तो उठून पियानोवर बसून काहीतरी वाजवायला लागायचा, हा सॅक्सोफोन काढून ते पकडायचा प्रयत्न करायचा, अडला की मंक परत वाजवून दाखवायचा, परत अडला की परत, आणि अगदीच जमेना तेव्हा आपली लिहिलेली चोपडी काढून कागद पुढे ठेवायचा. कागद होते, स्वतःच्या हातचे होते, पण तो आधी द्यायचा नाही, कारण कानाने घेतलेली चीज जास्त चांगली बसते असं त्याचं मत. आपल्याकडे गुरू समोर बसवून शिकवतात ते तरी वेगळं काय असतं? त्याला 'नोटेशन येत नव्हतं' म्हणणं म्हणजे आजीला पुरणपोळीची पाककृती लिहून ठेवायची गरज पडली नाही म्हणून तिला लिहिता येत नव्हतं म्हणण्यासारखं आहे.

आता चुकीचे सूर. हा आरोप नवा नाही, त्याची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हाही हेच म्हणत होते. १९४७ मध्ये ब्लू नोट कंपनीने त्याला पहिल्यांदा स्वतःच्या नावाने रेकॉर्ड केलं. कंपनीच्या मालकांच्या पत्नी लॉरेन लायन त्या रेकॉर्ड घेऊन हार्लेमच्या दुकानांत जायच्या, तेव्हा एका दुकानदाराने तर ह्या माणसाचे दोन्ही हात डावे आहेत असं त्यांना तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हा काही लोकांना तो कळला नाही हे मला मान्यच आहे. पण चूक आणि वेगळं यात फरक करायची एक साधी पद्धत आहे. चूक दरवेळी वेगळ्या जागी होते. मंकचे जे सूर १९४७ मध्ये खटकतात ते त्याच चालीत त्याच जागी दहा वर्षांनीही तसेच आहेत आणि वीस वर्षांनीही. वीस वर्षं एकाच जागी एकच चूक करणारा माणूस मला दाखवा!

बरं, तो नेमकं काय करायचा हे बघा. पियानोवर दोन शेजारच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधला सूर वाजवायची सोयच नाही, पेटीला आहे तोच शाप. आपण पेटीवर मींड घेता येत नाही म्हणून रडत बसतो. मंक दोन्ही पट्ट्या एकदम दाबायचा, त्या घासणीतून कानाला मधला सूर असल्याचा भास होतो. कधी दोन्ही दाबून एक सोडून द्यायचा, दुसरी वाजत राहायची. मी एकदा हे घरच्या कीबोर्डवर करून पाहिलं, तासभर. नुसता कर्कश आवाज येत होता. कुठली पट्टी किती जोरात दाबायची आणि नेमकी कधी सोडायची यावर सगळं आहे, आणि ते त्याच्या बोटांना माहिती होतं, माझ्या नाही. शिवाय मेरी लू विल्यम्स, ज्या स्वतः मोठ्या पियानिस्ट, त्यांनी मंकला १९३० च्या दशकात कॅन्सस सिटीत ऐकलं होतं, आणि त्या सांगत की तेव्हा हा नंतरपेक्षा कितीतरी जास्त तंत्र दाखवत वाजवायचा. म्हणजे तयारी होती, नंतर त्याने स्वतःहून ती बाजूला ठेवली.

मनाला येईल ते वाजवायचा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

त्याची 'स्ट्रेट, नो चेसर' नावाची चाल आहे, १९५१ ची. बारा बारचा ब्लूज, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन म्हणा. त्यात आहे काय, तर एक एवढासा तुकडा. फक्त तो तुकडा दरवेळी वेगळ्या मात्रेवर उठतो, कधी शेपूट लांबतं, कधी छाटलं जातं, त्यामुळे आपलं डोकं सम शोधत राहतं आणि ती हुकते. तबलजी मंडळींना हे लगेच कळेल, एकच मुखडा वेगवेगळ्या जागेवरून घेऊन समेवर यायचं. हे मनाला येईल तसं होत नाही हो, हे मोजून होतं.

'ब्रिलियंट कॉर्नर्स' ही दुसरी, ऑक्टोबर १९५६ ची. लांबी विचित्र, आणि वर मधेच लय दुप्पट व्हायची, परत मूळ लयीत यायचं. समोर सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स, बासला ऑस्कर पेटिफोर्ड, ड्रमवर मॅक्स रोच. म्हणजे हे लोक काही शिकाऊ नव्हते. त्यांनी पंचवीस टेक घेतले आणि तरी एकही टेक पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट झाला नाही, शेवटी प्रोड्यूसर ओरिन कीपन्यूज यांना तुकडे जोडून रेकॉर्ड तयार करावी लागली. ज्याला काहीही चालतं त्याला पहिलाच टेक चालला असता.

आणि 'क्रेपस्क्यूल विथ नेली'. १९५७ मध्ये बायको नेली आजारी, ऑपरेशन होतं, त्या काळात तिच्यासाठी लिहिलेली. ही त्याने पुढे आयुष्यभर वाजवली आणि तीत कधी सोलो घेतला नाही, लिहिली तशीच. जॅझमध्ये, जिथे चाल संपली की प्रत्येकजण आपलं घोडं दामटतो, तिथे एका जॅझवाल्याने ही एक चीज बंद करून ठेवली, कुणी हात लावायचा नाही. एवढी एकच गोष्ट माहिती असती तरी मेसेज लिहिणाऱ्याने ते वाक्य खोडलं असतं.

टाउन हॉलच्या कार्यक्रमाचंही सांगायलाच पाहिजे. २८ फेब्रुवारी १९५९, दहा जणांचा बँड. त्यासाठी हॉल ओव्हर्टन या संगीतकाराच्या सिक्स्थ अॅव्हेन्यूवरच्या जागेत मंक आणि तो बसायचे आणि एकेक कॉर्ड, एकेक सूर वाजवून कुठल्या वाद्याला काय द्यायचं ते ठरवायचे. त्या इमारतीत राहणारा फोटोग्राफर युजीन स्मिथ याने सगळीकडे माइक लावून ठेवले होते म्हणून त्या बैठकांच्या टेप आज आहेत. त्या कार्यक्रमात 'लिटल रूटी टूटी' झालं, मंकने मुलाच्या लाडक्या नावावरून केलेलं, आणि त्यात त्याचा १९५२ च्या रेकॉर्डवरचा पियानो सोलो सुरासुरानिशी उतरवून घेऊन सगळ्या बँडला वाजवायला दिला होता. म्हणजे जे 'उत्स्फूर्त' वाजलं होतं ते सात वर्षांनी ट्रम्पेट, ट्युबा, फ्रेंच हॉर्नमध्ये वाटून बसवलं तरी उभं राहिलं. असलं काहीतरी कच्चं असतं तर तिथेच कोसळलं असतं.

बाकी तो गोल फिरण्याचा मुद्दा. फिरायचा, खरं आहे. त्याच्या बँडमधल्या चार्ली राउजचा सॅक्सोफोन सोलो चालू असताना हा पियानो सोडून उठायचा, पाय घासत घासत फिरायचा, मग बरोबर वेळेला परत पट्ट्यांवर. १९६७-६८ चं फिल्म फुटेज आहे, त्यात पायाकडे बघा, लय कुठे आहे ते कळतं. आपला गायक हाताने मात्रा दाखवतो, हा पायाने दाखवायचा. वेड वगैरे नंतर बोलू.

आता घरी बसण्याचं. मेसेज म्हणतो लोकांना कळला नाही म्हणून. अहो, पोलिसांनी बसवला! न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून नियम होता की जिथे दारू मिळते तिथे काम करायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यायचं, बोटांचे ठसे देऊन. ते काढून घेतलं की क्लबमध्ये वाजवणं बंद, आणि जॅझ तर क्लबमध्येच चालायचं. गायिका बिली हॉलिडेचं असंच गेलं होतं. ऑगस्ट १९५१ मध्ये मंक पियानिस्ट मित्र बड पॉवेलबरोबर गाडीत बसला होता, पोलिस आले, गाडीत अमली पदार्थ मिळाले. मंकने तोंड उघडलं असतं तर सुटला असता, पण मित्राचं नाव त्याने घेतलं नाही. महिना-दोन महिने तुरुंग आणि वर कार्ड गेलं ते १९५७ पर्यंत. ही सहा वर्षं म्हणजे माणसाची तेहेतीस ते एकोणचाळीस. नेली नोकरी करून घर चालवायची, लहान मूल घरात, नंतर दुसरं झालं. तो बाहेरगावी वाजवत होता, रेकॉर्ड करत होता, १९५४ ला पॅरिसला जाऊन आला, पण स्वतःच्या गावातल्या क्लबमध्ये त्याला बंदी. १९५५ मध्ये रिव्हरसाइड कंपनीने त्याला जुन्या कंपनीकडून सोडवून घेतला तेव्हा त्याच्या डोक्यावरची उचल भरली, ती किती? १०८ डॉलर २७ सेंट.

आणि कार्ड परत मिळालं तेव्हा काय झालं? १९५७ च्या जुलैमध्ये फाइव्ह स्पॉट नावाच्या छोट्याशा जागी कोल्ट्रेनला घेऊन वाजवायला लागला आणि महिनोन्‌महिने तिथे गर्दी. लोकांना कळत नव्हता म्हणता ना, मग ही गर्दी कुठून आली? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे दोघं कार्नेगी हॉलला वाजले, ती टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती, २००५ ला सापडली, मिळाली तर ऐकाच. १९५८ मध्ये डेलावेअर राज्यात पोलिसांनी परत गाठलं, या वेळी मारहाण केली, आणि कार्ड पुन्हा काढून घेतलं गेलं. १९६४ च्या फेब्रुवारीत तो टाइम मासिकाच्या कव्हरवर होता. तेही आधीच्या नोव्हेंबरमध्ये यायचं होतं, केनेडींची हत्या झाली म्हणून पुढे ढकललं.

लोकांनी त्याच्यावर अन्याय केलाच नाही असं मी म्हणत नाहीये. त्याची सगळ्यात गाजलेली चाल 'राउंड मिडनाइट' १९४४ मध्ये कूटी विल्यम्सच्या बँडने पहिल्यांदा रेकॉर्ड केली, आणि आजही तिच्या श्रेयात मंकबरोबर विल्यम्सचं आणि शब्द लिहिणाऱ्या हॅनिघनचं नाव आहे. लिहायचंच होतं तर हे लिहायचं.

शेवटचा मुद्दा, श्रीमंत बाई आणि कफल्लक मरण. बाई म्हणजे निका, पॅनोनिका द कोनिग्सवार्टर, रॉथशील्ड या बड्या बँकवाल्या घराण्यातली. मंकची आणि तिची मैत्री १९५४ पासूनची, नेलीला सगळं माहिती होतं आणि दोघींचं एकमेकींशी बरं होतं, तेव्हा मेसेजमधला तो डोळा मारल्यासारखा सूर सोडून द्या. १९७० च्या दशकात मंक न्यू जर्सीत वीहॉकनला निकाच्या घरी राहायला गेला, नेलीचंही तिथे येणं-जाणं होतं. तो आजारी होता. आज बहुतेक अभ्यासक त्याला बायपोलर म्हणतात, तेव्हा नीट निदान झालंच नाही, औषधं भलतीच दिली गेली, एक डॉक्टर तर व्हिटॅमिनच्या नावाखाली उत्तेजक इंजेक्शनं द्यायचा. वेडामुळे संगीत आलं हे ज्यांना रोमँटिक वाटतं त्यांनी इथे थांबून बघावं, कारण आजाराने त्याचं वाजवणं थांबवलं. १९७६ नंतर लोकांसमोर नाही. वीहॉकनच्या घरात पियानो होता, खिडकीतून नदीपलीकडे अख्खं मॅनहॅटन दिसायचं, भोवती निकाची मांजरं. तो पियानो त्याने जवळजवळ वाजवलाच नाही. १७ फेब्रुवारी १९८२ ला गेला, चौसष्टाव्या वर्षी. मागे सत्तरच्या आसपास चाली, आणि त्या अजून रोज कुठे ना कुठे कुणीतरी बसवतंय, नोटेशन समोर ठेवून.