झाकली मूठ, सहा तारा

ईबेवर जुनी इलेक्ट्रिक गिटार लिलावात काढणाऱ्या माणसाकडे अॅम्प कधीच नसतो. गिटार असते, तिची पेटी असते, पट्टा असतो, कधीकधी मूळ पावतीसुद्धा असते. ज्यात वायर खुपसून ती वाजवायची, तो अॅम्प मात्र नेमका नसतो. म्हणून मजकुरात लिहिलेलं असतं, ‘चालते की नाही ते तपासलेलं नाही.’ मी याचा अर्थ ‘चालत नाही’ असाच लावतो आणि पिकअप (तारांचा कंप पकडून अॅम्पकडे पाठवणारा भाग) बदलायचे पैसे बोलीतून आधीच वजा करतो. विकणाऱ्याचा हिशेब मात्र साधा असतो: झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसरा नमुना काकांचा. गिटार काकांची होती, काका गेले, पुतण्याला गिटारमधलं काही कळत नाही. त्याला काही कळत नाही, पण कमीत कमी किंमत किती ठेवायची एवढं बरोबर कळतं.

खरी करमणूक फोटोंत असते. बारा फोटो असतील तर नऊ गिटारच्या दर्शनी भागाचे, दोन पेटीचे आणि एक सोफ्यावरच्या मांजराचा. आपल्याला हवे असलेले चार त्यात नसतात: हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या) टोकाकडून ब्रिजकडे (तारा अंगावर टेकतात तिथे) नेकच्या, म्हणजे मानेच्या, कडेवर नजर लावून काढलेला, पहिल्या पाच फ्रेटचा, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा, जवळून, हेडस्टॉक नेकला मिळतो तिथला मागच्या बाजूचा, आणि मागचं झाकण उघडून आतल्या वायरिंगचा. हे चार मागून घ्यायचे, आणि लिलाव लागल्या लागल्या मागायचे. शेवटच्या दिवशी विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. पहिल्याच दिवशी मागूनही जो फोटो येत नाही, दुखणं बहुतेक तिथेच असतं.

माझ्या मते गिटार म्हणजे नेक. बाकी सगळं स्क्रूनं बसवलेलं असतं, ते बदलता येतं. विकणाऱ्याला एवढंच सांगायचं: जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघ. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, हवी. फट मिलिमीटरभर असेल तरी हरकत नाही, नेकमधली सळई, म्हणजे ट्रस रॉड, आवळली की नेक सरळ होतो. पण रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असून फट तेवढीच राहिली असेल, तर नमस्कार करून पुढे जावं. तारांच्या ओढीला तोंड देणारी ती सळई हरलेली असते, आणि फिरवायला आटे शिल्लक नसतात.

फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा दिसतात. उथळ असतील तर घासून सपाट होतात. खोल असतील तर फ्रेट नव्या बसवाव्या लागतात. अमेरिकेत या कामाचे ३०० ते ५०० डॉलर सहज जातात, आणि २५० डॉलरची ‘स्वस्तात मस्त’ गिटार तिथेच महाग होते.

गिब्सन कंपनीची गिटार असेल तर हेडस्टॉक डोळ्यांत तेल घालून बघायचा. तो मागे झुकलेला असतो, बऱ्याच मॉडेलांवर १७ अंशांनी. नेक महोगनीचा, आणि ट्रस रॉडच्या नटासाठी लाकूड कोरलेलंही नेमकं तिथेच. म्हणजे ताण सगळ्यात जास्त आणि लाकूड सगळ्यात कमी अशी जागा. स्टँडवरून एकदा पाठीवर पडली की मान मोडते. नीट चिकटवलेली असेल तर छान वाजते आणि भाव जवळपास निम्म्यावर येतो. वाजवायलाच घ्यायची असेल तर मी अशी मोडकी मुद्दाम शोधेन. फक्त तिला ‘थोडी वापरलेली’ म्हणून पूर्ण भावात विकणारा नको.

नकली गिब्सनही भरपूर. ट्रस रॉडच्या झाकणाला खऱ्या गिब्सनवर दोन स्क्रू असतात, तीन दिसले की समजायचं. १९७७ पासून २००५ पर्यंतच्या नेहमीच्या आठ आकडी क्रमांकात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, आणि दुसरा ते चौथा म्हणजे वर्षातला कितवा दिवस. तिथे ४१२ असेल तर त्या कारखान्याचं पंचांगच वेगळं आहे.

सुटे भाग मूळचे नसतील तर भाव उतरतो. अपवाद पिंक फ्लॉइड बँडचे गिटारिस्ट डेव्हिड गिल्मूर यांचा. त्यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे नेक, पिकअप कित्येकदा बदलले, दुसरा ट्रेमोलो (सूर हेलकावणारा दांडा) बसवायला लाकूड कोरलं आणि नंतर ते बुजवलंही. २०१९ मध्ये न्यू यॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. आपण नवा पिकअप बसवला तर मात्र पन्नास डॉलर कापले जातात.

बोली लावताना ईबे आपल्याकडून कमाल आकडा घेतं आणि समोरच्याच्या आकड्याच्या एकच पायरी वर आपल्याला ठेवतं. २५० ते ५०० डॉलरच्या टप्प्यात ही पायरी पाच डॉलरची. म्हणून चौथ्या दिवशी हिरिरीनं बोली चढवण्यानं फक्त विकणाऱ्याचं भलं होतं. आकडा कागदावर आधीच लिहायचा, दुरुस्ती आणि पाठवणी वजा करून, आणि शेवटच्या दहा सेकंदांत एकदाच टाकायचा. तोही ४०० नव्हे, ४०३.७७. गोल आकड्यावर थांबणारे पुष्कळ असतात. शेवटच्या क्षणी ‘अजून दहाच डॉलर’ म्हणणारा हात मात्र आपलाच असतो, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर आवरत नाही.

मग पाठवणी. गिटार आठ पौंडांची, पेटीसकट वीसच्या आत. पण खोकं ४८ बाय २० बाय ८ इंच. कुरिअरवाले या तिन्हींचा गुणाकार करून १३९ नं भागतात आणि ५६ पौंडांचे पैसे घेतात. उरलेले छत्तीस पौंड हवेचे. ऐंशी डॉलरची स्क्वायरसारखी स्वस्त गिटार घेणाऱ्याला नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते इथे कळतं. विकणाऱ्याला दोनच सूचना द्याव्यात: तारा थोड्या सैल कर, आणि हेडस्टॉकच्या खाली-वर कागद ठासून भर. पेटीत सुट्टं पेडल किंवा पट्ट्याचं बक्कल टाकलं तर ते वाटभर गिटारवर नक्षीकाम करतं.

थंडीत खोकं घरी आलं की लगेच उघडायचं नाही, चोवीस तास घरात तसंच ठेवायचं. गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप असेल तर गारठ्यातून एकदम उबेत आल्यावर त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. उघडताना व्हिडिओ काढायचा. वर्णनात सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली तर घरपोच झाल्यापासून तीस दिवसांत तक्रार करता येते, विकणाऱ्यानं ‘परत घेणार नाही’ असं लिहिलं असलं तरी.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर आली तर मात्र तक्रार करू नका. पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या विजेच्या भागाच्या, फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीस-तीस वेळा मागेपुढे फिरवायचं, खरखर जाते. कडीकोयंड्याला मारायचा तेलकट स्प्रे नको, तो धूळ धरून ठेवतो. वर्णनात विकणाऱ्यानं हीच खरखर ‘जुन्या वाद्याचा खास आवाज’ म्हणून लिहिलेली असते, आणि त्याचे वीस डॉलर लावलेले असतात.