आठ बाय सहाचं ताट

गेल्या रविवारपासून आमच्या घरात आमरस हा शब्द काढायची सोय राहिलेली नाही. कुणी काढलाच, तर सगळे आधी माझ्याकडे बघतात. म्हणून झालं काय ते एकदा लिहूनच टाकते.

भाचीचं लग्न ठरलंय. शनिवारी वन्सं मुक्कामाला आल्या होत्या आणि कपाट आवरताना त्यांच्या स्वतःच्या लग्नाची डीव्हीडी सापडली. लग्न १९९९चं, शूटिंग व्हिडिओ कॅसेटवर, डीव्हीडी फोटोवाल्यानं नंतर कधीतरी करून दिलेली. माळ्यावरून प्लेअर उतरला. नव्या त्रेचाळीस इंची टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर खुपसायला भोकंच नव्हती, फक्त एक बारकं छिद्र होतं. त्यात बसणारी वीतभर वायर टीव्हीच्या खोक्यातून काढून मी जपून ठेवली होती. ती आणून दिली. हे कुणाच्या लक्षात नाही, पण नोंद असावी.

चित्र आलं. गुलाबी कमळ उमललं आणि त्यातून वन्सं गोल गोल फिरत वर आल्या.

"अगंबाई! मी एवढी जाड होते?"

नव्हत्या. जुनं चित्र चारास तीन मापाचं, नवा टीव्ही सोळास नऊचा. चित्र पुरत नाही म्हणून टीव्ही ते आडवं ताणून बसवतो. हिशेबानं माणूस बरोब्बर एक तृतीयांश रुंद होतो, म्हणजे पंचेचाळीस किलोची नवरी साठाची. नवरदेव तर सोफ्यासकट पसरले होते.

मी म्हटलं, "टीव्हीचा रिमोट द्या, त्यात आकार बदलता येतो." नवरा म्हणाला, "थांब गं," आणि प्लेअरच्या सेटअपमध्ये शिरला. तिथं '४:३ पीएस', '४:३ एलबी' आणि '१६:९' असे तीन पर्याय होते. तिन्ही करून झाले, वन्सं तसूभर उतरल्या नाहीत. उतरणारच नव्हत्या. ती सोय उलट्या दुखण्यावरची, रुंद सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीवर बघण्यासाठीची. पीएस बाजू कापतो, एलबी वरखाली पट्ट्या देतो. मूळ चित्रच चौकोनी असलं की दोघांनाही काही काम नसतं. मी पुन्हा टीव्हीचा रिमोट मागितला. पुन्हा "थांब गं." तिसऱ्यांदा मागितला तेव्हा आई म्हणाल्या, "अण्णाला विचारा."

अण्णामामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या खिशातला मोजायचा टेप अजून सेवेत आहे. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत ते दाराची चौकट मोजतात. आमची मोरी त्यांनी चार वेळा मोजली आहे. दर वेळी आकडा वेगळा येतो आणि दर वेळी चूक गवंड्याची असते.

"सूनबाई, चित्र जरा थांबवा."

थांबवलं. नेमकं ओवाळणीचं ताट पडद्यावर होतं. मामा चपला घालून उठले (विजेच्या वस्तूजवळ ते अनवाणी जात नाहीत), टेप काढला, काचेला लावला.

"रुंदी आठ इंच. उंची सहा." ते सगळ्यांकडे वळले. "ताट कसं असतं?"

"गोल," भाची म्हणाली.

"हे आठ बाय सहाचं आहे. आता दोष ताटात, का टीव्हीत?"

मला वाटलं, चला, माणूस मुद्द्यावर आला. पण आई तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या. ते ताट आमच्याच घरचं, पितळेचं, एका बाजूला कड जरा चेपलेली. त्या ते घासूनपुसून घेऊन आल्या. मामांनी ते मांडीवर घेतलं, आधी उभं मोजलं, मग आडवं मोजलं, मग चष्मा पुसून पुन्हा आडवं मोजलं.

"अकरा बाय अकरा. ताट निर्दोष आहे."

ताट सुटलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

"दोष दाबात आहे," मामा म्हणाले. "व्होल्टेज. तुमच्या लायनीला दाब जास्त आहे. दाब वाढला की चित्र फुगतं."

"मामा, मग उंचीला का नाही फुगलं?"

माझ्याकडे त्यांनी जे बघितलं ना, ते धरण फोडणाऱ्याकडेसुद्धा बघितलं नसेल. "सूनबाई, पाणी सोडलं की ते उभं राहतं का पसरतं?"

"पसरतं," नवरा म्हणाला. माझा नवरा. इंजिनिअर.

विजेचा आणि टीव्हीच्या चित्राचा संबंध असतो, नाही असं नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत ६० आवर्तनं, म्हणून त्यांच्या 'एनटीएससी'त जवळपास ३०. पण हे मी तोंडातून काढलं नाही. मामांना एवढा धागा मिळाला असता, तर भाचीच्या मांडवात त्यांनी त्यावर प्रवचन दिलं असतं.

मग ते स्वयंपाकघरात गेले, फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून आणला आणि टीव्हीला जोडला. वन्सं होत्या तेवढ्याच राहिल्या. मामा डगमगले नाहीत. प्लेअरचा रिमोट त्यांनी हातभर लांब धरून वाचला. त्यावर एक बटण होतं, 'व्ही-मोड'.

"हे बघा. व्होल्टेज मोड! कंपनीनं सोय दिलेलीच आहे."

मी "नको" म्हणेपर्यंत दाबलं. पडदा काळा. कमळ नाही, वन्सं नाहीत, ताट नाही.

व्ही म्हणजे व्हिडिओ. चित्र कुठल्या वायरीतून बाहेर पाठवायचं ते त्या बटणावर ठरतं, आणि मामांनी ते आमच्याकडे नसलेल्या वायरीत पाठवलं होतं. पडदाच काळा, त्यामुळे सेटअपमध्ये जाऊन बघायचीही सोय नाही. अशा वेळी चकती बाहेर काढायची (आमच्या प्लेअरला चकती आत असताना हे बटण चालत नाही), आणि तेच बटण आंधळेपणानं, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत, दाबत राहायचं. मला हे कसं माहीत? पूर्वी आमच्या चिरंजिवांनी प्लेअरचा रिमोट चावला होता, तेव्हा शिकले. तीन दाबांत चित्र आलं. मग कुणी "थांब गं" म्हणायच्या आत टीव्हीचा रिमोट उचलला, चित्राचा आकार ४:३ केला. दहा सेकंद लागले असतील. वन्सं सडपातळ झाल्या.

मामांनी टेप लावला. ताट सहा बाय सहा.

"बघितलंत? स्टॅबिलायझर लागू पडायला जरा वेळ घेतो."

आणि आईंनी त्यांना चहाला आलं जास्त घालू का, असं विचारलं. मला कुणी काही विचारलं नाही.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बसलेही. पण आता वन्संच्या लक्षात आलं की चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्यात. "हे गं काय? पडदे लावल्यासारखं?" मी सांगितलं, मूळ चित्र एवढंच आहे. मामांनी पट्टी मोजली: पावणेपाच इंच. दुसरीही तेवढीच. मग अख्खा टीव्ही मोजला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"त्रेचाळीस इंची म्हणून घेतलात ना? साडेसदतीस भरतोय. त्यातून साडेनऊ पट्ट्यांत गेले. राहिले अठ्ठावीस. पंधरा इंचांचे पैसे दुकानदारानं गिळले."

"टीव्ही कर्णानं मोजतात, मामा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"कापड घेताना कधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून घेतलंस?"

हे मला आजही खोडता आलेलं नाही.

पुढचा अर्धा तास दुकानदाराला फोन करावा का, यावर गेला. शेवटी वन्संच म्हणाल्या, "राहू दे गं, आधीसारखं भरलेलं कर. पैसे अख्ख्या टीव्हीचे दिलेत. आणि जाड दिसले तर सगळेच जाड दिसतोय ना?" भाचीनंही मान डोलावली. मी परत ताणून दिलं. वन्संचे सगळे विधी साठ किलोंनी पार पडले. एवढा खटाटोप करून आम्ही पहिल्या कमळापाशीच परत आलो होतो, फक्त चहाचे दोन आधण जास्त झाले होते. बरं, लहानपणापासून ज्यांना गोल ताट गोलच लागतं, भाकरीची कड जरा लांबली तर "नकाशा केलास का?" म्हणून विचारतात, त्याच माणसांना पडद्यावर लंबगोल नवरी कशी चालते, हे मला कळत नाही. मामा रात्री जेवून, जाता जाता मोरी मोजून गेले.

रविवारी भाचीचे सासरचे जेवायला यायचे होते. त्यांच्यासाठी दीड डझन हापूसचा रस काढून मी शनिवारी दुपारीच फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी दार उघडलं आणि वास आला. दूध फाटलेलं, रसावर बुडबुडे. मे महिना. फ्रीजचा प्लग भिंतीजवळ लोंबत होता. स्टॅबिलायझर अजून टीव्हीखालीच.

आई मागून आल्या. "फ्रीज कुणी बंद ठेवला गं? रात्री ओटा आवरताना बघितलं नाहीस?"

मी अण्णामामांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दाब कमी झाला असेल," ते म्हणाले. "रस किती लिटर होता?"