साहेब पहिल्या रांगेत बसलेले असताना मन कोण मोकळं करणार?

मुंबईत गणवेशाच्या नोकऱ्यांमध्ये हल्ली तणावमुक्ती शिबिरं फार होतात. हॉल, स्टेजवर बॅनर, पाहुण्या मॅडमना पुष्पगुच्छ, पहिल्या रांगेत साहेब. मागे नाईट संपवून थेट आलेली, डोळे तांबारलेली माणसं. दारात रजिस्टर ठेवलेलं, त्यात नाव, हुद्दा, सही. मग दीर्घ श्वास, मग हसण्याचा व्यायाम आणि शेवटी मॅडमचं आवाहन, "कोणाला काही वैयक्तिक अडचण असेल तर मोकळेपणाने बोला." असल्या एका शिबिरात एकाने हात वर केला आणि चहा कधी येणार ते विचारलं. हॉल हसला, साहेबही हसले, फोटो निघाले. इतक्या-इतक्या कर्मचाऱ्यांनी लाभ घेतला, असा रिपोर्ट वर गेला.

मी अशाच एका नोकरीवाल्याची बायको आहे. नोकरी कुठली आणि आम्ही राहतो ती लाईन, म्हणजे कर्मचाऱ्यांची वसाहत, कुठली, ते लिहीत नाही. खाकी समजा, निळी समजा, पांढरी समजा. ज्यांना ओळखू येईल त्यांनी खाली नाव घालून माझी पंचाईत करू नये.

शिबिरांबरोबर खात्यांनी समुपदेशकही नेमले, चांगलंच केलं. त्यांच्या शिक्षणावर किंवा नियतीवर माझा काही आक्षेप नाही. पण तिथे बोललेलं पुढे कुठे जातं हे माणसाला आधी पक्कं ठाऊक हवं. ते ठाऊक नसेल तर खुर्ची रिकामीच राहणार. आणि मग वर्षअखेरीला कोणीतरी म्हणणार, बघा, आपल्या लोकांना गरजच नाही.

भीती कसली, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. "याला ठाण्याला पाठवा रे" ही मस्करी मुंबईत शंभरेक वर्षं चालू असेल. ठाण्याचं मनोरुग्णालयच १९०१ सालचं. पण मस्करीचं सोडा, ती सवयीची आहे. खरी भीती नोकरीची. हातातलं शस्त्र काढून घेतील का, गाडीच्या स्टेअरिंगवरून उतरवतील का, साईड पोस्टिंगला, म्हणजे बिनमहत्त्वाच्या जागी, टाकतील का, प्रमोशनच्या वेळी कोणीतरी हळूच "त्याचं जरा ते आहे ना" म्हणेल का. गोळ्यांचं बिल लावायचं तर कागदावर आजाराचं नाव येतं आणि कागद टेबलाटेबलावरून फिरतो. म्हणून माणसं बिलच लावत नाहीत. खिशातून पैसे भरतात, दोन उपनगरं ओलांडून डॉक्टर गाठतात आणि घरी सांगतात की पित्ताचं दाखवायला गेलो होतो.

हे लोक रोज काय बघतात? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला २,००० हून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. ते देह उचलणारं, खिशातला मोबाइल वाजला की "तुम्ही यांचे कोण?" असं विचारणारं कोणीतरी असतं. ते त्या दिवशी डबा खातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरीला उभं राहतं. काळबादेवीच्या आगीत २०१५ साली अग्निशमन दलाचे ४ अधिकारी गेले. त्यांच्याबरोबर त्याच इमारतीशी झुंजलेले बाकीचे जवान आगीची पुढची वर्दी आली तसे निघालेच. सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून मेली, डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४. एल्फिन्स्टनच्या लोकांना केईएम हॉस्पिटलच्या दारात उतरवून घेणाऱ्या वॉर्डबॉयना आणि सिस्टरना तिसऱ्या महिन्यात कोणी विचारलं असेल, "अजून झोप उडते का?" पहिल्या आठवड्यात सगळेच पाठ थोपटतात. त्रास पुष्कळदा नंतर वर येतो, टीव्हीवाले निघून गेल्यावर.

आता थोडं जागेबद्दल, कारण त्यावर कोणी बोलतच नाही. बीडीडी या जुन्या सरकारी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या राहिल्या. आता काहींना टॉवरमधली मोठी घरं मिळतायत, चांगली गोष्ट. पण बाकीच्या लाईनींत, क्वार्टर्समध्ये, कॉमन गॅलरीत, खासगी म्हणावं असं बोलायचं कुठे? फोनवरून समुपदेशन घ्या म्हणतात. घरात सासूबाई टीव्हीसमोर, मुलगा अभ्यासाला, शेजारच्या वहिनी मिरच्या मागायला दारात. मी स्वतः एकदा हेल्पलाइनवर बोलले ती दुपारच्या रिकाम्या लेडीज डब्यात. पलीकडच्या ताई विचारत होत्या, "तुम्ही आत्ता सुरक्षित ठिकाणी आहात का?" आणि वर घोषणा, पुढील स्टेशन, विक्रोळी. मला हसूच आलं. पण बोलले. समोर बसलेली भाजीवाली बाई ऐकत असेल तर असो, ती आमच्या लाईनीतली नव्हती. अनोळखी माणसाचं भय वाटत नाही, ओळखीच्याचं वाटतं.

तीच गत सिस्टरांची. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या नर्सने मानसोपचाराच्या ओपीडीत जायचं म्हणजे आपल्याच हॉस्पिटलात, आपल्याच ओळखीच्या खिडकीवर केसपेपर काढायचा. केसपेपर काढणारा ओळखीचा, रांग लावणारी मावशी ओळखीची, डॉक्टर कालच राऊंडला भेटलेला. तिची सोय दुसऱ्या हॉस्पिटलात करा आणि कागदावर नावाऐवजी नंबर टाका. यात कोट्यवधींचं बजेट लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

आणि आम्ही घरचे. नवरा घरी येऊन बोलत नाही, बूट काढतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. मुलाने दारावरची बेल जरा जोरात वाजवली तरी अंगावर धावून जातो. त्याचं काय चाललंय हे सगळ्यात आधी बायकोला कळतं, पण समुपदेशनाची योजना त्याच्या नावावर. आम्हाला मदत हवी तर त्याचा कर्मचारी क्रमांक द्या, कधीकधी त्याची सही आणा. ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याचीच सही! शिवाय ही फक्त त्याच्या आजाराची गोष्ट नाही. गणपती-विसर्जनाला, ६ डिसेंबरला, पावसात मिठी नदी चढली की, सण असो की संकट, आमच्या घरातला माणूस बाहेर असतो आणि सगळं घर घड्याळाकडे बघत असतं. त्या बघण्याचाही शीण येतो. त्याबद्दल बायकोने किंवा पोराने स्वतःच्या नावाने फोन केला तर कार्यालयाला कळायचं कारण काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार जणांना माहीत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या २३ व्या कलमात उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. विम्यात शारीरिक आजाराला जसं धरतात तसंच मानसिक आजाराला धरावं, हेही याच कायद्यात. आणि जगणं नकोसं होऊन कोणी स्वतःला इजा केली तर उलट सिद्ध होत नाही तोवर तो गंभीर ताणाखाली होता असंच धरावं, खटला भरून शिक्षा करू नये, असं कलम ११५ म्हणतं.

यावर साहेब लोकांचा एक प्रश्न असतो आणि तो मला चुकीचा वाटत नाही. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याचं दुखणं लपवून ठेवायचं का? नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर माहिती देण्याची सवलत कायद्यातच आहे. फक्त ती मर्यादा पहिल्याच भेटीत, साध्या मराठीत सांगा. "हे-हे झालं तर मला सांगावं लागेल, बाकी काही या खोलीबाहेर जाणार नाही." एवढं ऐकून माणूस पळून जाईल असं मला वाटत नाही. आज तो पिस्तूलही बाळगतो आणि कोणाशी बोलतही नाही. यात कोणाची सुरक्षा साधली जाते ते मला कोणी समजावून सांगा.

समुपदेशक खात्याबाहेरचा हवा. खात्याला महिन्याला फक्त आकडा कळावा, किती जण आले. नावं नकोत, युनिटही नको, कारण छोट्या युनिटात आकड्यावरूनही माणूस ओळखतात. समुपदेशन घेतल्याची नोंद सेवापुस्तकात होणार नाही, हे लेखी द्या. आणि हो, समुपदेशनाने झोपेची भरपाई होत नाही. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली ८ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला होता, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. बारा-बारा तास उभं करून वर श्वासाचे व्यायाम शिकवणं ही थट्टा आहे.

तोवर एक नंबर लिहून ठेवा: १४४१६. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आपल्या मोबाइलवरून लावायचा, खात्याचा त्यात संबंध नाही. बायकोने लावला तरी चालतो, पोराने लावला तरी चालतो. सगळे प्रश्न तिथे सुटतील असं मी म्हणत नाही, पण अर्ज करावा लागत नाही.

एक राहिलंच. आमचे सासरेही याच नोकरीतून निवृत्त झाले. अजून रात्री तीनला उठून दाराची कडी तपासतात. त्यांना कुठल्या शिबिराचं बोलावणं येत नाही, कारण ओळखपत्र जमा झालंय. ड्युटीवर माणूस गेला तर त्याच्या बायकोलाही काही दिवसांनी कोणी विचारत नाही, क्वार्टर रिकामं करायची नोटीस मात्र वेळेवर येते. योजना आखणाऱ्यांनी निवृत्तांना आणि मागे राहिलेल्या घरांना पहिल्याच परिपत्रकात धरावं, नंतरच्या दुरुस्तीवर ठेवू नये.