मुलाच्या ओळखीचे पाकीट आणि आपली तालीम मंडळे

जोतिबाच्या चैत्र यात्रेत किंवा नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती, हरवलेल्या मुलाची ध्वनिक्षेपकावरची घोषणा ऐकली नाही असा कोल्हापूरकर सापडणे अवघड आहे. घोषणा साधारण एकाच साच्याची असते: सहा वर्षांचा मुलगा, अंगात गुलाबी शर्ट, नाव बाळू. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलालाची उधळण सुरू झाली की सगळेच शर्ट गुलाबी होतात, आणि बाळू नावाला साद देणारी पोरे प्रत्येक गल्लीत दोन-चार तरी निघतात. पोलीस जेव्हा नीट विचारू लागतात, तेव्हा घाबरलेल्या आईबापांना मुलाची उंची सांगता येत नाही, आणि मोबाईलमध्ये फोटो शेकड्याने असले तरी त्यातले निम्मे चेहरा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरचे आणि उरलेले फेटा किंवा गॉगल घातलेले निघतात.

अमेरिकेत यावर एक साधा उपाय बरीच वर्षे चालत आला आहे. अनेक राज्यांत फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखा शाळांतून आणि जत्रांतून मोफत शिबिरे भरवतात. तेथे स्वयंसेवक मुलाचा फोटो, छोटी चित्रफीत व बोटांचे ठसे घेतात, काही ठिकाणी दातांचा ठसा आणि गालाच्या आतून डीएनएचा नमुनाही घेतात, आणि हे सर्व पालकांच्या हवाली करतात. संस्थेने स्वतःकडे प्रत ठेवायची नाही, हा या कामाचा कणा आहे. आपल्याकडे प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ साली सुरू केलेले भुले-भटके शिबिर प्रसिद्ध आहे, पण ते काम माणूस हरवल्यानंतरचे. हरवण्याआधीची तयारी आपण कोणावरच सोपवलेली नाही.

ती तयारी तालीम मंडळांनी, म्हणजे पेठेपेठेतल्या तरुणांच्या मंडळांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गणेशोत्सवात आणि महापुरात रात्र-रात्र उभी राहणारी पोरे पेठापेठांत आहेत, मंडळांकडे जागा आहे, आणि घरातल्या बायामाणसांचा त्यांच्यावर विश्वास आहे. खर्च म्हणाल तर डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात अख्ख्या पेठेतल्या मुलांच्या ओळखीची पाकिटे तयार होतील.

पाकिटात काय असावे? समोरून काढलेला, टोपी-गॉगल नसलेला ताजा फोटो. उंची, वजन, रक्तगट. तीळ, जन्मखूण, टाक्यांचा व्रण, किडका किंवा पडलेला दात. घरातले लाडके नाव आणि शाळेतले नाव. मूल कोणती भाषा बोलते, त्याला कशाची भीती वाटते, औषध चालू आहे का. लहान मूल झपाट्याने बदलते, त्यामुळे फोटो दर सहा महिन्यांनी बदलायला हवा. ठसे घेणे दिसते तितके सोपे नाही. लहान मुलांच्या बोटांवरच्या रेषा बारीक असतात, शाई जरा जास्त झाली की नुसता काळा डाग उमटतो. म्हणून शाईचा अगदी पातळ थर देऊन बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद फिरवावे लागते. निवृत्त पोलीस कर्मचाऱ्यांना हे काम पाठ असते आणि बोलावले तर ते आनंदाने येतील. तरीही माझ्या मते ठशांपेक्षा ताजा फोटो आणि खुणा जास्त उपयोगी पडतात, कारण शोधाच्या पहिल्या काही तासांत लागते ते हेच.

"आधार काढलंय की, मग हे कशाला?" असे कोणी विचारेल. पाच वर्षांखालील मुलांच्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे घेतलेच जात नाहीत. आधारमुळे माणसे घरी पोहोचली आहेत, हे खरे. २०१६ मध्ये नागपूर रेल्वे स्थानकावर सापडलेला एक दिव्यांग मुलगा सहा वर्षांनी बिहारमधील खगडिया जिल्ह्यातल्या आपल्या घरी पोहोचला, कारण त्याला सांभाळणाऱ्या संस्थेने आधारसाठी त्याची नवी नोंदणी करू पाहिली तेव्हा ठसे जुन्या नोंदणीशी जुळले. पण मूल हरवल्याच्या दिवशी पोलिसांना आधारच्या ठशांचा साठा उघडून शोध घेता येत नाही. कायदा तशी परवानगी देत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. मंडळाचा अध्यक्ष उत्साहाच्या भरात सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकील, आणि पुढे एखाद्या इच्छुक नगरसेवकाच्या कार्यालयात पालकांच्या मोबाईल क्रमांकांची यादी पोहोचेल. मुलांची माहिती नको त्या हाती गेली तर शिबिर नसते झाले तर बरे, असे म्हणायची पाळी येईल. म्हणून मंडळाच्या मोबाईलमध्ये एकही फोटो नको. पालकांच्याच फोनवर काढावा, कागद त्यांच्याच हाती द्यावा, आणि मंडळाने आपल्या वहीत फक्त किती पाकिटे दिली तो आकडा लिहावा.

मुले पळवून त्यांतल्या काहींचे खून करणाऱ्या गावित माय-लेकींच्या प्रकरणाने १९९० च्या दशकात या जिल्ह्याला हादरवले, आणि ती भीती अजून घराघरांत आहे. त्या भीतीतूनच मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांना पाय फुटतात. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे चार साधूंना अशाच संशयावरून मारहाण झाली. ज्या पोरांना शिबिरात बसवायचे, त्यांना हेही शिकवले पाहिजे की एकटे मूल दिसले तर मुलांसाठीच्या १०९८ किंवा आपत्कालीन ११२ या क्रमांकावर कळवायचे, त्याचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, आणि सापडलेल्या मुलाची माहिती चोवीस तासांत यंत्रणेला देणे कायद्याने बंधनकारक आहे. पालकांनीही "उद्या या" हे उत्तर ऐकून ठाण्यातून परत फिरू नये. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे.

आणि शिबिराची सुरुवात राजारामपुरीच्या इंग्रजी शाळांतून करू नका. तिथल्या मुलांच्या गळ्यात ओळखपत्र असते, दप्तरात डायरी असते. हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले फडाशेजारच्या खोपटात राहतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि शिरोलीच्या कारखान्यांत आलेल्या परप्रांतीय कामगारांच्या मुलांना मराठीत आपला पत्ताही सांगता येत नाही. पहिली पाकिटे त्यांची व्हावीत. कारखान्याच्या गाळपाच्या पहिल्याच आठवड्यात, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, टोळ्यांच्या मुकादमांना आधी सांगून हे करता येईल. त्यासाठी एक टेबल, एक शाईचा पॅड आणि वजनकाटा पुरेल. फोटोची प्रत काढायला जवळचा कोणीही स्टुडिओवाला नाही म्हणणार नाही.