‘हे सगळे लाड आहेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहिते. अभ्यासात मन लागत नसेल तर स्वतःला घालूनपाडून बोलू नका, असं मी म्हटलं होतं. तुमच्या मते हे सगळे लाड आहेत. दुसरं कुणी कान उपटत नसेल तर आपले आपणच उपटावेत, आणि माझ्यासारखे लोक आळसाला गोंडस नावं देतात.

कान उपटले की मूल खुर्चीत बसतं, हे खरंच. पुढे काय होतं ते बघा. परीक्षा तोंडावर, तीन धडे शिल्लक. मुलगी पुस्तक उघडते. पहिली ओळ वाचायच्या आतच डोक्यात सुरू होतं, ‘कालच करायला हवं होतं, मी आहेच अशी.’ पोटात गोळा येतो. मग ती नवं वेळापत्रक आखते, तेही चार रंगांत. टेबल आवरते. पेनांच्या रिफिली तपासते. ‘पाचच मिनिटं’ म्हणून फोन हातात घेते. आळशी माणूस एवढे उद्योग करेल का हो? तो सरळ ताणून देतो. ही त्या गोळ्यापासून पळतेय, आणि स्वतःला आणखी झापलं तर उद्या तेच पुस्तक उघडणं दुप्पट जड जाणार.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. एका अभ्यासावरून जग ठरत नाही, कबूल. पण ‘माफ केलं की मुलं सोकावतात’ या तुमच्या खात्रीला त्यातून दुजोरा तर मिळत नाही.

आणि माफ करणं म्हणजे सोडून देणं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मूड येण्याची वाट बघत बसायला तुमचा विरोध आहे, तसा माझाही आहे. मूड बहुतेक वेळा कामाला हात घातल्यावरच येतो. म्हणून ‘उद्यापासून मन लावून अभ्यास’ असला ठराव कुचकामी. त्यापेक्षा ‘जेवून उठलं की याच टेबलाशी बसून तिसऱ्या गणितात काय काय दिलंय तेवढं वहीत उतरवायचं’ हे जमतं. कधी, कुठे, काय हे आधीच ठरलेलं असलं की ऐन वेळी मनाशी हुज्जत घालावी लागत नाही.

रात्र रात्र जागून तुम्ही पास झालात, छानच. पण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, आणि 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते. त्याला लाड म्हणत असाल तर म्हणा.

एका बाबतीत मात्र मी वाद घालणार नाही. दोन आठवडे होऊन गेले तरी रोज उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टींतही रस उरलेला नाही, झोप आणि भूक बिघडलीय, असं असेल तर तिथे शिस्त कामाची नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा हल्ली दार लावून बसतो आणि अभ्यासाचं विचारलं की खेकसतो. आज अभ्यासाचं राहू द्या. झोप नीट लागते का, तेवढं विचारून बघा.